पाणक्या

उन्हाळ्यात आमच्या नागपुरात दुपारचं जेवण झालं की पहिलं काम म्हणजे कूलरच्या टाकीत पाणी भरणं. त्या दिवशीही मी ते केलं. वाळ्याचा ओला वास खोलीभर पसरला, माझी बायको कौशल्या चटईवर आडवी झाली आणि मी मोबाइल उघडला. बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. आमच्याकडची मे महिन्यातली दुपार मध्यरात्रीपेक्षा सुनसान असते, हे बाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही.

काटोलकडे माझी संत्र्याची लहानशी बाग आहे. बागवाल्यांचा इंटरनेटवर एक चर्चेचा मंच आहे, तो माझ्या धाकट्या भावाची मुलगी रितिका सांभाळते. तिथे एका माणसाने मला सळो की पळो करून सोडलं होतं. नाव लावायचा 'पाणक्या'. मृग बहार घ्यायचा तर या दिवसांत झाडांचं पाणी तोडावं लागतं. ताण देणं म्हणतात त्याला. तहानलेलं झाड मग पावसाच्या पाण्यावर भरभरून फुलतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण मी काहीही लिहिलं की खाली याचं ठरलेलं, 'सुशीलभाऊ, तहान लागली आहे. पाणी पाजा.' उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले होते, पण हा चिवट. आणि मला अरेला कारे करायची खोड. मी चार ओळी सुनवायचो, तो पुन्हा तेच लिहायचा.

शेवटी रितिकाला फोन केला.

"मोठेबाबा, तुम्ही काहून त्याच्या नादी लागता?" ती म्हणाली. "त्याच्या नावापुढं 'दुर्लक्ष करा' आहे न, ते दाबा. तो लिहीत राहीन, तुम्हाले दिसणार नाही. बाकी सगळ्यायनं कधीचंच दाबलं."

"सगळ्यायनं?"

"हो. मी पण. तो आता फक्त तुम्हालेच दिसते."

फोन ठेवला तर स्पीकरवरचं सगळं ऐकलेली कौशल्या चटईवरून माझ्याकडे बघत होती. "बोलणाऱ्याकडून तोंड फिरवू नाही," ती म्हणाली. "तेही एवढ्या उन्हाचं."

"अवं, मोबाइलमधल्या माणसाले कुठचं ऊन लागते?" मी तिची थट्टा केली. तरी दोन-तीन दिवस बोट पुढे होईना. सगळ्यांनी टाकलेल्या माणसाला आपणही टाकायचं, हे मनाला कसंसंच वाटत होतं. मग एका दुपारी त्याने पुन्हा तेच लिहिलं, माझं डोकं तापलं आणि मी दाबलं. त्याची सगळी वाक्यं एकदम नाहीशी झाली. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी कूलरच्या आवाजातूनही फाटकाची कडी वाजलेली ऐकू आली.

"पाहा न, कोण आहे," कौशल्या म्हणाली.

मी पाहून आलो. पांढरंफटक ऊन, तापलेला रस्ता. "कोणी नाही."

ती उठून खिडकीशी गेली. "उभे तं आहेत... तुमच्याकडंच पाहून राहिले होते. असं कसं कोणी नाही म्हणता?"

तिने माठातून ग्लास भरला आणि बाहेर गेली. मी तिच्या मागे उभा राहिलो. तिने फाटकावरून हात पुढे केला आणि ग्लास सोडला. तो खाली पडला नाही. हवेत सावकाश तिरपा झाला आणि आतलं पाणी कमी कमी होत गेलं. खालच्या धुळीत एक थेंबही पडला नाही.

"काय... काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाले, साहेब तिकडं बोलून नाही राहिले, म्हणून घरी आलो."

त्यानंतर तो रोज येऊ लागला. आधी फाटकाशी, मग ओसरीवर. मग एके दिवशी कौशल्याने दिवाणखान्यातली खुर्ची पुसली आणि "बसा" म्हणाली. मला रिकामी खुर्ची दिसायची, भेगाळलेल्या मातीचा वास यायचा आणि ती कुणाच्या तरी बोलण्याला हळू आवाजात हं, हं करायची. तिचे ओठ फुटायला लागले. तांब्यावर तांबे रिचवायची, तरी घसा कोरडाच. हात धरला तर कातडी वाळल्या पानासारखी लागायची. तिला कामठीला तिच्या भावाकडे पाठवायला निघालो, तर म्हणाली, "पाहुणा घरी असताना कशी जाऊ?"

उपाय एकच होता, आणि त्याचीच मला धास्ती होती. दाबलेलं काढून घेतलं तर तो मला दिसणार. पण माझी बायको डोळ्यांदेखत वाळत चालली होती. ती गेली असती तर मी या घरात काय करणार होतो? मी खुर्चीसमोर बसलो, मोबाइल उघडला, त्याच्यावरचं दुर्लक्ष काढून टाकलं आणि लिहिलं, 'बोला. मी ऐकून राहिलो.'

मान वर केली, तर तो बसलेला होता. साधासा म्हातारा, उन्हासाठी डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला. त्याच्याही हातात मोबाइल होता. माझी ओळ त्याने वाचली असावी, कारण ओठ हलले. मग तो बराच वेळ विचार करत राहिला. आणि मी त्या दुपारी दाबलं होतं, तसंच अंगठ्याने काहीतरी दाबलं.

तेवढ्यात कौशल्या दोन ग्लास घेऊन आली. तिचे ओठ ओले होते, चेहरा टवटवीत. माझा जीव भांड्यात पडला.

"बरं वाटून राहिलं का वं?" मी विचारलं.

तिने खोलीभर नजर फिरवली. माझ्यावरूनही फिरवली.

"हे कुठं गेले?" तिने त्याला विचारलं.

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. पाहिलं, यात शंका नाही. मग सावकाश मान फिरवली.

"मले तं दिसून नाही राहिले, माय..."

कौशल्या क्षणभर घुटमळली. मग माझ्यासाठी आणलेला ग्लासही तिने त्याच्याच हातात दिला.