कुर्लीचा चिमटा कुणी बदलला?

कालपर्यंत कुर्ली प्रवाळाचं रोप असं उचलायची, की रोपालाही कळू नये. आज सकाळी मात्र तिनं पहिलंच रोप उचललं आणि त्याचा चुरा झाला. दुसऱ्याचं तेच. तिसऱ्याच्या वेळी रोपवाटिकेच्या प्रमुख डॉ. फातिमा मुकादम यांनी काचेवर जोरात थाप मारली आणि ओरडल्या, “कुर्ली, थांब! डेंगे खाली घे!”

कुर्लीनं डेंगे खाली घेतले. तिच्या पुढ्यात गुलाबी पांढरा चुरा पाण्यात तरंगत होता.

हे सगळं घडत होतं समुद्राच्या तळाशी. मालवणच्या किनाऱ्यापासून थोडं आत, पाण्याखाली ‘निळाई’ नावाची वसाहत होती. जाड काचेच्या घुमटांत शास्त्रज्ञांची काही कुटुंबं राहत होती. समुद्र तापल्यामुळे मेलेली प्रवाळाची (पोवळ्याची) बेटं पुन्हा जिवंत करायची, हे त्यांचं काम. त्यासाठी त्यांनी पाण्यात रोपवाटिका केली होती. प्रवाळाचे बोटभर तुकडे तिथे वाढायचे आणि मोठे झाले की खडकावर लावले जायचे. हे नाजूक काम कुर्ली करायची. कुर्ली म्हणजे खेकड्याच्या आकाराचा रोबो. आठ पाय, दोन डेंगे म्हणजे धरायच्या नांग्या, आणि समोर दोन गोल कॅमेरे.

काचेच्या अलीकडे बारा वर्षांची शलाका केळुसकर उभी होती. त्या चुऱ्यावरून तिची नजर हटत नव्हती. कारण कुर्लीनं रोप किती जोरात धरायचं, हे सांगणारा प्रोग्रॅम शलाकानं लिहिला होता.

त्यासाठी तिनं अख्खी सुट्टी घालवली होती. मेलेल्या प्रवाळाचे तुकडे गोळा केले, एकेक तुकडा डेंग्यात धरून पाहिला, केवढ्या दाबाला तो निसटतो आणि केवढ्या दाबाला मोडतो हे मोजलं, आणि मग त्या दोहोंच्या मधली नेमकी जागा शोधली. त्या प्रोग्रॅमला तिनं नाव दिलं ‘चिमटा’. आजोबांनी तो तपासला, मुकादम मॅडमनी आजमावून पाहिला आणि निळाईनं तो वापरायला घेतला. त्या दिवशी शलाका दिवसभर हवेत तरंगत होती.

“शलाका, राग मानू नकोस,” मुकादम मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज थकलेला होता. “पण परवा प्रवाह फिरणार. पाणी गढूळ झालं की लावणी पुढच्या हंगामावर गेली. तुझा चिमटा काढून टाकावा लागेल. किनाऱ्यावरून पाणबुडे बोलावते, ते हातानं लावतील.”

“हातानं सगळी रोपं होतील लावून?”

“निम्मी झाली तरी खूप.”

“मॅडम, मी चिमट्यात काहीच बदललेलं नाही. खरंच.”

“असेल. पण चुरा तर डोळ्यांसमोर आहे ना?”

तेवढ्यात मागून आवाज आला, “फातिमा, पाणबुड्यांना बोलाव. पण ते येईपर्यंत आम्हाला वेळ दे.” ते शलाकाचे आजोबा होते, डॉ. दत्ताराम केळुसकर. निळाईतली सगळी संगणकव्यवस्था त्यांनी उभी केली होती. मॅडमनी क्षणभर विचार केला आणि मान डोलावली.

आजोबांनी शलाकाला यंत्रघरात नेलं. कुर्लीही पाण्याच्या दारातून निथळत आत आली आणि कोपऱ्यात बसली.

“गो बाय, रडायचं असेल तर आधी रडून घे,” आजोबा म्हणाले. “मग शोधायला लागू.”

“मी रडत नाहीये,” शलाका नाक पुसत म्हणाली. “डेंगे बिघडले असतील तर?”

“तपास.”

शलाकानं दाबमापक कुर्लीच्या डेंग्यात ठेवला. “कुर्ली, अगदी हलका दाब दे.” कुर्लीनं दिला. “आता वाढव.” तिनं वाढवला. सांगितला तेवढाच दाब आकड्यात उमटत होता. डेंगे ठणठणीत होते.

“म्हणजे डेंगे सांगितलेलं ऐकतायत. त्यांना चुकीचं सांगितलं जातंय,” शलाका स्वतःशीच बोलली. “मग माझाच चिमटा बिघडला का?”

“तो कुठे ठेवलायस?”

“आपल्या रिपॉझिटरीत.”

रिपॉझिटरी म्हणजे प्रोग्रॅमचं भांडार. मोठा प्रोग्रॅम कुणी एकटा पहिल्यापासून लिहीत नाही. कुणी पाहायचा भाग लिहितं, कुणी चालायचा, कुणी धरायचा. असा प्रत्येक भाग नीट बांधून, नाव आणि क्रमांक घालून ठेवला की त्याला पॅकेज (तयार गठ्ठा) म्हणतात. ही पॅकेजं जिथे साठवतात ते भांडार. जमिनीवर एक भलंमोठं सार्वजनिक भांडार होतं, जगातल्या कुणीही त्यात ठेवावं, कुणीही घ्यावं. पण निळाईला किनाऱ्याशी जोडणारी तार वादळात कधीमधी तुटायची. शिवाय निळाईचे काही प्रोग्रॅम फक्त निळाईच्याच कामाचे होते. म्हणून आजोबांनी वसाहतीचं स्वतःचं, खाजगी भांडार उभारलं होतं. रोज सकाळी कुर्ली जागी झाली की आपल्याला लागणारी पॅकेजं भांडारातून घ्यायची, ती एकमेकांना जोडायची आणि कामाला निघायची.

“तुझं पॅकेज तू ठेवलंस तसंच आहे की कुणी हात लावलाय, हे कसं कळेल?” आजोबांनी विचारलं.

“चेकसमवरून!” चेकसम म्हणजे पॅकेजचा ठसा. आतल्या प्रत्येक अक्षरावर गणित करून एक लांबलचक आकडा काढतात. आत एक स्वल्पविराम जरी बदलला तरी तो आकडा पार बदलून जातो. शलाकानं भांडारातल्या चिमट्याचा ठसा नव्यानं काढला आणि ठेवताना नोंदवलेल्या जुन्याशी ताडून पाहिला. दोन्ही तंतोतंत सारखे.

डेंगे चांगले, चिमटाही चांगला. मग चुरा कसा झाला?

शलाका यंत्रघरात येरझाऱ्या घालू लागली. आजोबांना कदाचित अंदाज आला असावा, पण त्यांनी तिलाच शोधू दिलं. एकाएकी शलाका कुर्लीसमोर थांबली.

“कुर्ली, भांडारात काय आहे ते मी बघितलं. पण तुझ्या डोक्यात काय आहे ते कुठे बघितलं? तुझ्याकडे चिमट्याची कितवी व्हर्जन (आवृत्ती) आहे?”

“नववी,” कुर्ली म्हणाली.

शलाकाचे डोळे विस्फारले. “नववी? मी दोनच लिहिल्या आहेत!”

आजोबा खुर्चीत पुढे सरकले. “विचार तिला, कुठून आणली.”

“जमिनीवरच्या भांडारातून,” कुर्लीनं सांगितलं. “काल मला नवे कॅमेरे बसवले. त्यांचं पॅकेज आपल्या भांडारात नव्हतं. म्हणून आपलं भांडार जमिनीवरच्या भांडाराला जोडलं गेलं. आता मी काहीही मागितलं की दोन्हीकडे शोध होतो. चिमटा दोन्हीकडे मिळाला. इथे दुसरी आवृत्ती होती, तिथे नववी. मोठा क्रमांक म्हणजे नवी सुधारणा, असा नियम आहे. मी मोठा क्रमांक घेतला.”

“पण तो चिमटा माझा नाही!”

“नाव तेच होतं,” कुर्ली म्हणाली. तिच्या बोलण्यात जराही अपराधीपणा नव्हता. नियमाप्रमाणे तिचं बरोबरच होतं.

शलाकानं घाईघाईनं त्या परक्या पॅकेजची माहिती उघडली. पहिली ओळ वाचून तिला हसावं की रडावं कळेना. “आजोबा, हा नारळाच्या कारखान्यातला चिमटा आहे! नारळ सोलताना घसरू नये म्हणून घट्ट धरणारा!”

आजोबा पोट धरून हसले. “म्हणजे आमची कुर्ली प्रवाळाला नारळ समजून सोलायला निघाली होती!”

“मी काहीही सोललेलं नाही,” कुर्ली म्हणाली. त्यावर दोघं आणखीच हसली.

पण हसून भागणार नव्हतं. शलाका टेबलाशी बसली. “सोपं आहे. मी माझ्या चिमट्याला दहावा क्रमांक देते. मग माझा मोठा होईल.”

“छान. आणि नारळवाल्यानं उद्या अकरावी काढली तर?”

“मी बारावी…” शलाका बोलता बोलता थांबली. “नाही. ही शर्यत संपणारच नाही. आणि त्याला बिचाऱ्याला ठाऊकसुद्धा नाही की आपण त्याच्याशी शर्यत लावलीय.”

“मग चूक नक्की कुठे आहे?”

शलाका सावकाश, एकेक शब्द जुळवत बोलू लागली. “मोठा क्रमांक घ्या, हा नियम तसा चांगला आहे. पण पॅकेज एकाच माणसानं लिहिलेलं असेल तरच. इथे नाव एक आणि लिहिणारे दोन. म्हणून कितवा हे विचारायच्या आधी कुणाचा हे विचारायला हवं. आपली पॅकेजं आपल्याच भांडारात शोधायची. ती नावं घेऊन बाहेर जायचंच नाही. बाकीची खुशाल बाहेरून आणायची.”

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. मोठ्या कंपन्यांतले जाणते लोक या एका प्रश्नावर दिवसचे दिवस खर्ची घालतात, हे त्यांना माहीत होतं. पण ते एवढंच म्हणाले, “लिही तर मग नियम.”

शलाकानं नियम लिहिला. ‘चिमटा’ आणि निळाईची इतर घरची पॅकेजं फक्त निळाईच्या भांडारातून घ्यायची. तिनं स्वयंपाकघरातून एक कच्चं अंडं आणलं, कुर्लीला झोपवून पुन्हा जागं केलं आणि अंडं तिच्यापुढे धरलं.

“हळूच घे.”

कुर्लीनं घेतलं. फटकन आवाज झाला आणि पिवळा बलक डेंग्यावरून ओघळला.

शलाका मटकन खाली बसली. बाहेर किनाऱ्यावरून आलेल्या पाणबुड्यांची लगबग ऐकू येत होती. मॅडम त्यांना रोपं दाखवत होत्या. वेळ संपत आला होता. “नियम तर बरोबर आहे, आजोबा! माझं कुठे चुकलं?”

“मघाशी कुठे गाडं अडलं होतं आणि तू काय केलंस?”

शलाकानं डोळे मिटले, मग उघडले. “कुर्लीला विचारलं. कुर्ली, आता कितवी?”

“नववी.”

“अगं, कुठून आणलीस?”

“कुठूनच नाही. सकाळची माझ्याजवळच होती. सकाळी एकदा आणलं की दिवसभर मी पुन्हा भांडाराकडे जात नाही. वेळ वाचतो.”

“कॅशे!” शलाका टुणकन उठली. कॅशे म्हणजे पुन्हा लागेल म्हणून हाताशी ठेवलेली प्रत. नियम भांडाराच्या दारावर बसला होता, पण नारळवाला चिमटा आधीच घरात येऊन बसला होता. शलाकानं कुर्लीची कॅशे रिकामी केली. तेवढ्यावर न थांबता कुर्लीला लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत चिमट्यापुढे त्याचा ठसाही लिहिला. आता नाव जुळलं, क्रमांक जुळला, तरी ठसा जुळला नाही तर कुर्ली ते पॅकेज घेणारच नव्हती.

दुसरं अंडं आलं. कुर्लीनं डेंगा उघडला, अंड्याभोवती मिटला, उचललं, एकदा गोल फिरवलं आणि शलाकाच्या तळहातावर अलगद ठेवलं. त्यावर चराही नव्हता.

शलाका ते अंडं घेऊन धावत सुटली. मुकादम मॅडमसमोर येऊन तिनं एका दमात सगळं सांगितलं. एकच नाव, दोन मालक, मोठा क्रमांक, हाताशी राहिलेली प्रत. मॅडमनी मध्ये एकदा थांबवून विचारलं, “आणि उद्या तिसऱ्याच पॅकेजच्या बाबतीत असं झालं तर?”

“नियम फक्त चिमट्यासाठी नाही, मॅडम. आपल्या सगळ्याच पॅकेजना लावलाय.”

मॅडम पाणबुड्यांकडे वळून म्हणाल्या, “थोडं थांबा. आधी कुर्ली एक रोप लावेल.”

कुर्ली पाण्यात उतरली. सगळी निळाई काचेशी गोळा झाली होती. डेंग्यानं एक गुलाबी रोप उचललं, खडकापर्यंत नेलं, भोकात बसवलं. रोपाचं टोकसुद्धा हललं नाही. घुमटात टाळ्यांचा कडकडाट झाला. मुकादम मॅडमनी शलाकाला जवळ घेतलं. “सकाळी मी तुझ्या कामावर शंका घेतली,” त्या म्हणाल्या. “तू मात्र माझ्यावर रुसून बसली नाहीस, शोधायला लागलीस. आमच्या धंद्यात असं करणाऱ्यालाच शास्त्रज्ञ म्हणतात, बेटा.”

दोन दिवस कुर्लीनं आणि पाणबुड्यांनी मिळून काम केलं. प्रवाह फिरला तेव्हा रोपवाटिकेत लावायचं एकही रोप उरलं नव्हतं.

नारळाच्या कारखान्यातल्या त्या माणसालाही शलाकानं निरोप पाठवला. त्याचा चिमटा चांगला होता, फक्त चुकीच्या घरी आला होता. त्याचं खुशीत लिहिलेलं उत्तर आलं, आणि त्यात त्यानं पोफळीच्या सुपाऱ्या धरायला तुझा चिमटा मिळेल का, असंही विचारलं होतं.

पावसाळा सरताना लक्षद्वीपच्या समुद्रातून संदेश आला. तिथेही पाण्याखाली एक नवी वसाहत उभी राहत होती. त्यांना प्रवाळ लावायचं होतं, स्वतःचं भांडार उभारायचं होतं, आणि निळाईतल्या घरच्या पॅकेजांच्या नियमाबद्दल नियम लिहिणाऱ्या अभियंत्यांशी बोलायचं होतं.

पडद्यावर चार मोठी माणसं दिसली. त्यांनी नमस्कार केला आणि आजोबांकडे पाहून विचारलं, “सर, सुरुवात कुठून करायची?”

आजोबांनी आपली खुर्ची शांतपणे मागे ओढली, इतकी की समोरच्यांच्या पडद्यावर एकटी शलाकाच उरली. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग त्यातल्या एका बाईंनी लिहून घ्यायला पेन उचललं.

शलाकानं घसा साफ केला. “सांगते,” ती म्हणाली. “पण आधी मला सांगा, तुमचा रोबो आत्ता काय वापरतोय, हे तुम्ही त्याला विचारलंय का?”