भिंगरीच्या शेजारची गादी

जेवणं उरकली की पाळणाघरातल्या मावशी आतल्या खोलीत गाद्या घालायच्या, पडदे ओढायच्या, पंखा बारीक करायच्या. पावडरीचा, सांडलेल्या दुधाचा आणि पेंगुळलेल्या मुलांचा एक उबदार वास खोलीत भरायचा. बघता बघता सगळी पिल्लं गाढ.

एक सोडून. अडीच वर्षांची भिंगरी. नाव मावशींनीच ठेवलेलं, कारण ती एका जागी ठरत नसे. गादीवर ठेवली की विंचू चावल्यासारखी उठायची, दाराशी जाऊन रडायची, आणि मग एकेक करत सगळी खोली जागी.

पाळणाघर चालवणाऱ्या ताई वैतागल्या होत्या. "मावशी, एकीपायी सगळ्यांच्या झोपेचं खोबरं होतंय. या आठवड्यात जमलं नाही, तर तिच्या आईला दुसरीकडे बघा म्हणून सांगावं लागेल."

आई दवाखान्यात नर्स, पोरीला सांभाळणारं घरात दुसरं कुणी नाही. दुसरीकडे म्हणजे कुठे, हे मावशींना चांगलं ठाऊक होतं. कुठेच नाही.

थोपटून झालं, अंगाई झाली. शेवटी मावशींनीच हट्ट सोडला. "झोपू नकोस बाई. नुसती पड. डोळे उघडे ठेव, हवं तर छताकडे बघ."

भिंगरीने गादीकडे पाहिलं. "जागा नाई," ती हळूच म्हणाली.

"एवढी मोठी गादी आहे की."

"बाळ निजलंय…"

मावशींना हसू आलं आणि ओठांवरच विरलं. पोरगी गादीवर बसायची तीसुद्धा अगदी कडेला, अंग चोरून. हे त्यांना आत्ता आठवलं. त्यांनी गादीवरून हात फिरवला. कडेला कापड गार होतं. मध्ये मात्र कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी ऊब होती.

दुसरी एखादी बाहेर पळाली असती. मावशींचा जन्म मुलं निजवण्यात गेलेला. त्यांच्या मनात आलं ते एवढंच, की हे कुणाचं असेल? आणि याला न्यायला कुणी का येत नाही?

त्यांनी कपाटातून जास्तीची गादी काढून शेजारी घातली. "तू इथे, बाळ तिथे. गडबड केलीस तर ते उठेल."

भिंगरी निमूट आडवी झाली. बराच वेळ कुशीवर वळून शेजारी बघत राहिली, मग तिच्या पापण्या जड झाल्या.

तेव्हापासून रोज तसंच. ताई खूश. "काय जादू केलीत, मावशी?"

"घाई केली नाही, इतकंच." मग सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, "आपल्या आधी इथे कोण राहायचं हो? एखादं लहान मूल होतं का?"

"राहणार कोण? कापडाचं गोदाम होतं. लहान मूल कशाला येतंय इथे."

मावशींचं कुतूहल काही शमेना. सगळी निजली की त्या रिकाम्या गादीपाशी कान नेत. पंख्याच्या आवाजाखाली बारीक, नाक चोंदल्यासारखा श्वास चाललेला असायचा. त्या कान तिथेच ठेवून थांबायच्या.

एकदा कुणीतरी बाळाची ती गादी ओली केली, म्हणून ती गच्चीत वाळत होती. आता भिंगरी पुन्हा रडणार, असं मावशींच्या मनात आलं. पण ती आपणहून पडली. भिंतीला टेकून पाय पसरून बसलेल्या मावशींच्या मांडीकडे एकदा बघितलं, ओठांवर बोट ठेवलं आणि डोळे मिटले. मावशींनी मान खाली घातली. मांडीवर काहीच नव्हतं.

संध्याकाळी ताई दारात आल्या. "उठवा आता सगळ्यांना. आया खाली येऊन थांबल्यात."

मावशी उठायला गेल्या आणि थबकल्या. डावी मांडी पार बधिर झाली होती, पायाला मुंग्या आल्या होत्या. मूल मांडीवर बराच वेळ निजलं की येतात ना, तशा. त्या होत्या तशाच मागे टेकल्या.

"बाकीच्यांना तुम्हीच उठवा, ताई," त्या अगदी हळू म्हणाल्या. "मी… जरा वेळाने उठते."

मांडीवरच्या कापडावर लाळेचा एक ओला ठिपका हळूहळू मोठा होत होता.