दाबून धरलेला ब्रेक

दुपारचे तीन वाजले असतील. मिस्त्री लोडरच्या मागच्या चाकाशी पाठीवर आडवा पडून ब्रेकच्या नळीतली हवा काढायच्या तयारीत होता. उद्यापासून नवा ऑपरेटर यायचा होता, आणि खडीच्या यार्डातलं काम दीड महिना तुंबलं होतं. बाहेर क्रशर बंद होता. पत्र्याची शेड तापून मधूनच कडकन वाजायची. सगळीकडे ब्रेक ऑइलचा गोडसर, घशात बसणारा वास.

दीड महिन्यापूर्वी हाच लोडर उतारावरून मागे घरंगळला होता. चालवत होता मिस्त्रीचा सख्खा मोठा भाऊ. दादा जागीच गेला. मालकाने कागदावर लिहिलं, ऑपरेटरचा डोळा लागला, त्याने ब्रेक दाबलाच नाही. मिस्त्रीने खाली मान घालून त्याखाली सही केली. त्या आठवड्यात दादा त्याला दोनदा म्हणाला होता, "पेडल पार खाली जातंय रे, बघ जरा." मिस्त्रीने नुसतं वरून ऑइल ओतलं आणि 'ब्रेक तपासले' म्हणून खूण करून मोकळा झाला. हे दोघांनाच ठाऊक होतं; त्यातला एक आता नव्हता.

नळीत हवा शिरली की पेडल नुसतं खाली जातं, ब्रेक लागत नाही. ती काढायला दोन माणसं लागतात. एकाने वर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली नळीचं तोंड उघडून हवा जाऊ द्यायची. मिस्त्रीने "पेडल दाबायला या रे कोणी" अशी हाक मारली, तोच वहिनी आल्या. दादाचा स्वेटर केबिनमध्ये राहिला होता, तो न्यायला.

"मी दाबते भावजी," त्या म्हणाल्या. "एवढं जमेल मला."

नको म्हणायला त्याला तोंड नव्हतं.

"दाबा."

"दाबलं."

नळीतून ऑइल आलं, बुडबुड्यांनी फेसाळलेलं. त्याने पान्याने तोंड आवळलं. "सोडा." असं आठ-दहा वेळा झालं. त्या फेसाकडे त्याला बघवेना. शेवटी ऑइल स्वच्छ आलं.

"सोडा वहिनी. झालं."

तो पाना पुसत होता, तेवढ्यात वर धप्प... धप्प... असा आवाज सुरू झाला. घाईचा. जिवाच्या आकांताने कोणी पाय आपटावा तसा.

"वहिनी... हळू."

"भावजी?" आवाज शेडच्या दारातून आला.

तो सरपटत बाहेर निघाला. वहिनी दारात उभ्या होत्या, हातात स्वेटर. "मी तर उतरले... तुम्हीच म्हणालात ना, झालं..."

दोघांनी केबिनकडे पाहिलं. सीट रिकामी होती. पेडल तळाला जात होतं, वर येत होतं, पुन्हा तळाला जात होतं.

वहिनींनी स्वेटर छातीशी धरला. अगदी हळू म्हणाल्या, "डोळा लागला होता म्हणाले ना सगळे..."

मिस्त्री चाकाला टेकून खाली बसला.

"नव्हता लागला. दादा दाबत होता, वहिनी. ब्रेकच लागत नव्हता. मला माहीत होतं."

पेडल एकदा खाली गेलं आणि तिथेच राहिलं.

वहिनी निघून गेल्या. त्यानंतर त्यांनी त्याला कधी दार उघडलं नाही. मिस्त्रीने झालेलं सगळं मालकाला लिहून दिलं. मालकाने कागदाची घडी घालून खिशात टाकली. "गेलेला माणूस परत येणार आहे का?" एवढंच म्हणाला. कागद तिथून पुढे गेला नाही.

लोडरही जागचा हलला नाही. स्प्रिंग बदलली, पंप बदलला, नळ्या उघडून ऑइल पार काढून टाकलं; पेडल वर येईना, चारही चाकं घट्ट. शेवटी मशीन भंगारात निघालं. गॅस कटरवाल्याने चाकं कापून सावलीत टाकली. दोन दिवसांनी त्याने मिस्त्रीला बाजूला नेलं.

"नळी तोडलीय, ऑइलचा थेंब नाही. तरी ब्रेक चाकातल्या डिस्कला सोडत नाही. असं कधी पाहिलं नव्हतं."

मिस्त्री वाकला, डिस्कवर तळहात ठेवला आणि झटक्यात मागे घेतला. आत्ताच उतार उतरून आल्यासारखी ती भाजत होती.