हातावर हात

त्या दिवशी डॉक्टर नंदिनी सकाळी लवकर वॉर्डात आली, ती फक्त भिंतीवर एक कागद चिकटवायला. हिंगणघाटची मुलगी. सात वर्षं विलायतेत राहून लहान मुलांच्या तातडीच्या उपचारांचं शिक्षण घेतलं, आणि मेडिकल कॉलेजच्या या दहा खाटांसाठी आपल्याच जिल्ह्यात परतली. आल्यापासून भिंतभर तिचे कागद. आजचा होता रबरी फुगा दाबून हाताने श्वास देण्याच्या पाळ्यांचा. दर वीस मिनिटांनी माणूस बदला, घड्याळ पाहा.

देवकाबाई, वॉर्डातली आया, कागदाकडे पाहून हसली.

"मॅडम, घड्याळ ठेवा बाजूले. दुसऱ्याचा हात आपल्या हातावर आल्याबिगर आपला काढाचा नाई. तीन दाब दोघांनं मिळून द्याचे, मंग खालचा हात सोडवाचा. म्हंजे श्वास तुटत नाई."

"आणि दुसरा आलाच नाही तर?"

"तं दाबत राह्याचं. भागाबाईनं शिकवलं आमाले. इथंच आया होती. चार वर्षं झाली तिले जाऊन."

नंदिनीला ते इतकं आवडलं की कागदाखाली लाल पेनने तिने तो नियमही लिहिला.

साडेनऊला अल्लीपूरचे कवडू आणि कमला सात वर्षांच्या अंजूला उचलून धावत आले. रात्री जमिनीवर झोपलेल्या पोरीला मण्यार चावली होती. सूज नाही, रक्त नाही. नुसत्या पापण्या मिटत गेल्या, आणि दारात पोचेपर्यंत श्वास थांबला. नंदिनीने घशात नळी घातली, विषावरचं औषध सुरू केलं. श्वासाची दोन्ही यंत्रं मात्र दुसऱ्या मुलांना लागलेली. उरला तो रबरी फुगा. एक दाब, एक श्वास. संध्याकाळी यंत्र मोकळं होईपर्यंत.

"मेली का वं माही पोर?" कमलाने विचारलं.

"नाई ताई." नंदिनीच्या तोंडून आपोआप माहेरची बोली आली. "तिले सगळं आयकू येते. डोळे उघडत नाईत, बोट हालत नाई, पण थे आत जागी हाय. बोला तिच्यासंग."

कवडू वाकला. आवाज सावरत म्हणाला, "अंजे, तुही बकरी माह्या चपला खाऊन राह्यली. लवकर घरी चाल."

दुपारचे तीन वाजले. बाहेर ऊन इतकं पांढरं, की आवारात कावळासुद्धा नव्हता. कुलरमध्ये पाणी ठिबकत होतं, ओल्या वाळ्याचा वास खोलीत साचला होता. पाळी नंदिनीची होती. इंटर्न अंकित यंत्राची चौकशी करायला पलीकडच्या इमारतीत गेलेला, सिस्टर औषधं आणायला, देवकाबाई तपासणीचं रक्त पोचवायला. कवडू बाहेर घरी फोन करत होता, बाकीच्या मुलांची माणसं चहाला गेलेली. कमला खाटेच्या पायथ्याशी डोकं टेकून गाढ झोपली होती.

दाब. सोड. दाब. सोड.

समोरच्या खाटेवरच्या तापाच्या बाळाला झटके सुरू झाले. ओठ निळे पडले. मध्ये फक्त आठ पावलं. पण हात सुटला तर अंजू...

"कोणी आहे का?"

कमला हललीसुद्धा नाही. नुसता कुलर घुमत होता.

आणि मागून तिच्या हातावर एक हात आला. खरखरीत, सुरकुतलेला, माठासारखा गार. तंबाखू-चुन्याचा वास आला. तीन दाब मिळून झाले.

"आलात देवकाबाई!" मागे न पाहता नंदिनीने आपला हात सोडवला आणि धावली. इंजेक्शन, ऑक्सिजन... दहा-बारा मिनिटांनी बाळ शांत झालं, ओठांवर लाली आली. तिने घाम पुसला.

दारातून देवकाबाई आत येत होती. रिकामा डबा हातात घेऊन.

नंदिनी सावकाश वळली. अंजूजवळ कोणी नव्हतं. कमला झोपलेलीच. आणि फुगा दबत होता. रबरात चार बोटांचे खळगे पडत... भरून येत... पुन्हा पडत. अंजूची छाती वर येत होती, खाली जात होती.

नंदिनीला ओरडावंसं वाटलं. पण ओरडल्याने तो हात दचकला तर? मग तिला आपलाच लाल अक्षरांतला नियम आठवला. तिने पंजा पुढे नेला, फुग्याच्या वर, रिकाम्या हवेवर ठेवला.

तळव्याखाली बोटांची हाडं लागली.

एक. दोन. तीन.

खालचा हात अलगद सरकला, निघून गेला.

"गेली भागाबाई?" देवकाबाईने हळूच विचारलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "एका पोराले तिनं सकाळपासून दिवस बुडेपर्यंत दाबलं, मॅडम. पोरगं चार वाजताच गेलतं. डाक्टरसायबांनं सांगतलं, तं आयके नाई. 'दुसरा हात येऊ द्या' म्हणे. मेल्या लेकरासाठी कोण ठेवते हात? शेवटी बोटं उकलून काढली तिची. आज तुमी ठेवला."

संध्याकाळी यंत्र मिळालं. तिसऱ्या दिवशी अंजूची नळी निघाली. घोगऱ्या आवाजात ती पहिलं बोलली ते हेच : "थे आजी कुठी गेली? मले म्हणे, बकरी चपला खाते तं खाऊ दे, तुह्या बापाले चालू दे अनवाणी."

कवडू हसता हसता रडला. नंदिनीने मात्र अंजूचा हात बराच वेळ सोडला नाही.

पंधरा दिवसांनी तशीच दुपार, दुसरं लेकरू, तोच फुगा. दाबता दाबता नंदिनीने कोणी नाहीसं पाहून हाक मारली, "भागाबाई..."

वास आला नाही. हात आला नाही. सुटली बिचारी, असं वाटून तिला बरं वाटलं, आणि थोडं पोरकंही.

अंकित आला. त्याने तिच्या हातावर हात ठेवला. तीन दाब झाले. नंदिनीने हात सोडवून घेतला, एक हात लेकराच्या कपाळावर ठेवला, दुसऱ्याने घाम पुसू लागली.

अंकित लेकराच्या छातीवर नजर ठेवून दाबत होता. वाट पाहत होता.

"मॅडम," तो म्हणाला, "खालचाही काढा नं."