एकोणीस नंबरचा चार्ट

हे खरं आहे, एवढंच आधी सांगते. पटवून द्यायला माझ्याकडे काही नाही. जो कागद दाखवता आला असता, तो सिंगापूरच्या एका हॉस्पिटलात कुठल्यातरी कपाटात असेल, नाहीतर केव्हाच फाडून टाकला असेल. हॉस्पिटलचं नाव मी सांगणार नाही.

अशा गोष्टी रात्रीच्या असतात म्हणे. ही भर दुपारची आहे.

गुरुवार, १३ ऑगस्ट १९९८. दुपारचे दोन.

माझे मिस्टर शामकांत तेव्हा सिंगापूरमध्ये, तुआसला, जहाजदुरुस्तीच्या यार्डात इंजिनिअर होते. आम्ही क्लेमेंटीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी उल्का आमच्याकडे राहून एनरोल्ड नर्सचा कोर्स करत होती. स्टुडंट पासवर, म्हणजे तिथल्या विद्यार्थी परवान्यावर आलेली, वय वीस. तिचे वडील कोपरगावला एका दवाखान्यात कंपाउंडर. तिकडे नर्सिंगला नंबर लागला नाही, म्हणून ही शेवटची धडपड. दोन वर्षांच्या कोर्समधले चार महिने उरले होते.

पोरगी कामाला चोख. घरी माझी नाडी मोजून मोजून शिकली. एक ठोका हुकला असं वाटलं तर पुन्हा पहिल्यापासून मोजायची.

तेव्हा तिची पोस्टिंग बायकांच्या वॉर्डात होती. एकोणीस नंबरच्या बेडवर रामरती नावाची म्हातारी होती. घरचे लोक पूर्वी उत्तर प्रदेशातून येऊन इथे स्थायिक झालेले. तिला फक्त तिकडची हिंदी यायची. बाकीच्या नर्सेसना तिचं काही कळायचं नाही, त्यामुळे ती उल्काचीच वाट बघायची.

ताप बघून झाला, नाडी मोजून झाली, की दर वेळी विचारायची,

"बिटिया, लिख लिया?"

उल्का म्हणायची, "हां नानी, लिख लिया."

मग कुठे तिचा जीव थाऱ्यावर यायचा. कागदावर आपलं नाव नसलं तर आपल्याला कोणी विचारणार नाही, असं काहीतरी तिच्या मनात बसलं होतं.

बुधवारी उल्काला सुट्टी होती. गुरुवारी ती दुपारच्या ड्युटीला गेली. दोनचा राउंड तिचा होता. एक एक बेड करत ती एकोणीसपाशी आली.

रामरती खिडकीकडे तोंड करून पडली होती.

वर पंखा फिरत होता. पण तिच्या कपाळावरचे केस... हलत नव्हते.

उल्काने थर्मामीटर लावला. तिकडे ताप सेल्सिअसमध्ये मोजतात. पस्तीस पूर्णांक एक. पुन्हा लावला. तेवढाच. नाडी अठ्ठेचाळीस. हात गार. ती चार्टवर लिहायला लागली, आणि मागून नेहमीचा प्रश्न आला.

"लिख लिया?"

"हां नानी."

एवढा कमी ताप, एवढी मंद नाडी. ती लगेच सिस्टर कोहकडे गेली. वॉर्डाची इनचार्ज, पन्नाशीची चिनी बाई, फार कडक. तिने मान वर करून उल्काकडे पाहिलं.

"एकोणीसमध्ये कोणी नाही. ती काल सकाळी गेली. यू टेक हूज पल्स?"

उल्का धावत परत आली.

बेड रिकामा. चादर ताणून बसवलेली, एक सुरकुती नाही.

पण पायथ्याशी चार्ट होता. वर रामरतीचं नाव, खाली उल्काच्या अक्षरात ताप, नाडी, वेळ, सही. म्हाताऱ्या बाईचा खरा चार्ट तर आदल्या दिवशीच रेकॉर्ड ऑफिसला गेला होता.

सिस्टरने अर्थ काढला तो सरळ होता. ही मुलगी बेडपाशी जातच नाही, बसल्या जागी मनाचे आकडे लिहिते. नर्सिंगमध्ये याहून मोठा गुन्हा नाही. लेखी ताकीद मिळाली.

त्या संध्याकाळी उल्का आमच्या किचनमध्ये खाली फरशीवर बसून होती.

"मावशी, मी तिचा हात धरला होता गं."

हे म्हणाले, "झोप कमी पडतेय तिची. अभ्यास, ड्युटी, माणूस दमतं."

मीही तेच म्हणाले.

पुढच्या बुधवारी एकोणीसवर दुसरी पेशंट होती. एक चिनी बाई, चांगली बोलती-चालती. उल्काने तिचा ताप दोनदा बघितला, नाडी पूर्ण मिनिटभर मोजली. सदतीस, आणि ब्याऐंशी. तेच लिहिलं. लिहिताना तिने प्रत्येक आकडा तोंडाने म्हटला.

तासाभराने सिस्टर कोहने तिला बोलावून चार्ट समोर धरला.

पस्तीस पूर्णांक एक. अठ्ठेचाळीस.

अक्षर उल्काचंच.

दुसरी ताकीद. तिला वरच्या मजल्यावरच्या वॉर्डात पाठवलं. तिथे आठवडाभर काही झालं नाही. ती पुन्हा जेवायला लागली. वडिलांना पत्र लिहिलं, सगळं ठीक आहे म्हणून. मला वाटलं, सुटलो.

शुक्रवार, २८ ऑगस्ट. दुपारी दोन.

ती एका मलाय बाईचा चार्ट भरत होती. बाई गाढ झोपलेली. आसपास कोणी नाही. आणि अगदी कानाशी...

"लिख लिया?"

उल्काने मागे वळून पाहिलं नाही. आधी हातातल्या कागदाकडे पाहिलं.

तेच दोन आकडे.

मंगळवारी, १ सप्टेंबरला, अकरा वाजता चौकशी ठेवली. तिचं इथलं माणूस म्हणून मला बोलावलं होतं. छोटी खोली, एसी कमालीचा थंड. सिस्टर कोह होती, आणि ट्रेनिंगच्या ऑफिसातले एक साहेब होते. सिस्टरने कुलूपबंद ड्रॉवरमधून फाइल काढली आणि तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले.

साहेबांनी उल्काला विचारलं, "तुला काही सांगायचं आहे?"

ती म्हणाली, "मी खोटं लिहिलेलं नाही."

"मग हे काय आहे?"

ती मान खाली घालून बसली. साहेब आपल्या कागदावर काहीतरी लिहीत होते.

मी रामरतीच्या चार्टकडे बघत होते. १३ ऑगस्टची ओळ. ताप, नाडी, सही.

तिच्या खाली... अजून एक ओळ होती.

तारीख १ सप्टेंबर. वेळ दुपारी दोन. पस्तीस पूर्णांक एक, अठ्ठेचाळीस. उल्काची सही.

मी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

सिस्टर कोहचं बोटही त्याच ओळीवर थांबलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. त्या बाईच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. आम्ही दोघी किती वेळ तशा बसलो होतो, आठवत नाही.

मग तिने फाइल बंद केली.

"तुम्हाला काही विचारायचं आहे?" साहेबांनी मला विचारलं.

माझं तोंड उघडलं होतं. काय सांगणार होते मी? एक मेलेली बाई माझ्या भाचीकडून लिहून घेते? मुलीच्या जोडीला मावशीही वेडी, असंच म्हणाले असते. मी म्हणाले, "नाही सर."

उल्काला कोर्समधून काढलं. स्टुडंट पास रद्द. दोन आठवड्यांत देश सोडायचा.

बाहेर पडताना सिस्टर कोहने क्षणभर माझा दंड धरला. हळूच म्हणाली, "मी तरी कोणाला सांगू?" आणि निघून गेली.

आम्ही खाली कॅन्टीनमध्ये बसलो. उल्का चहाला शिवली नाही. पावणेदोनला म्हणाली, "लॉकरमधलं सामान घेऊन येते." मी तिला जाऊ दिलं. का जाऊ दिलं? ती वेळ मला माहीत होती. मी नुसती बसून राहिले.

दोन वाजले.

दोन दहा.

अडीचला ती आली. हात रिकामे होते.

"सामान?"

"राहिलं," ती म्हणाली.

तिचा हात हातात घेतला. बर्फासारखा. वर काय झालं, हे तिने मला त्या दिवशी सांगितलं नाही, आणि नंतरही कधी नाही.

घरी ह्यांना मी त्या ओळीबद्दल सांगितलं. हे उठून दार लावून आले. मग म्हणाले, "आता हे कोणाजवळ बोलू नकोस." मी बोलले नाही.

उल्का कोपरगावला गेली. तिच्या वडिलांनी तिला एक शब्दही विचारला नाही. आयुष्यभर औषधं मोजून देणारा माणूस, आपल्या मुलीने पेशंटचे खोटे आकडे लिहिले हे त्यांना सहनच झालं नाही. ते तसेच गेले, तेच मनात धरून. मी त्यांना दोनदा पत्र लिहायला घेतलं. दोन्ही वेळा फाडलं.

तिने पुढे काही केलं नाही. लग्न नाही, नोकरी नाही. आईबरोबर राहते.

मागच्या वर्षी तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग तिने विचारलं,

"मावशी, त्या दिवशी फाइलमध्ये तू ती खालची ओळ पाहिलीस ना?"

मला नुसतं हो म्हणायचं होतं. तेवढ्यानेही तिला बरं वाटलं असतं. पण इतकी वर्षं मी स्वतःला एवढंच समजावत आले होते, की माझ्या नजरेची काहीतरी चूक झाली असेल.

"नाही गं," मी म्हणाले. "कुठली ओळ?"

फोन चालू होता, तिचा श्वास ऐकू येत होता. मग तिने फोन ठेवला.

त्यानंतर ती माझा फोन उचलत नाही.