बिननावाचा चिरा

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं, माझी काही हरकत नाही.

घडली ती माझ्या मामेबहिणीच्या, अक्षयाच्या बाबतीत. रत्नागिरीत, गेल्या वर्षीच्या एप्रिलमधल्या एका मंगळवारी. आणि रात्रीबित्री नाही... भर दुपारी साडेबाराला.

समुद्राच्या अंगाला उतारावर गोऱ्या साहेबांची जुनी दफनभूमी आहे. दोनशे वर्षांपूर्वीची. कोणी साहेब तापाने गेलेला, कोणाची बायको बाळंतपणात, कोणी खलाशी बुडालेला. तिचं नूतनीकरण निघालं, आणि तिचा इतिहास लिहायचं कंत्राटी काम अक्षयाला मिळालं. थडग्यांची यादी, नावं, सालं, आणि दारावर लावायचा फलक.

तीन महिने ती उन्हात राबली. आणि नूतनीकरणाचं काम बघणाऱ्या सरकारी साहेबांनी एका वाक्यात सगळं नासवलं.

"ज्या दगडावर नाव नाही तो यादीत नाही. यादीत नाही तो बुधवारी जेसीबीने उचलायचा. तिथून फरसबंदीची वाट जाणार आहे."

असा दगड एकच होता. दक्षिणेच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला लागून, साधा जांभ्याचा चिरा.

आणि त्या एका चिऱ्यासाठी सोनूबाई रोज अक्षयासमोर येऊन बसायची.

सोनूबाई गडग्यापलीकडच्या घरातली. सत्तरीची. तिचे सासरे या दफनभूमीचे राखणदार होते. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी तिचं पहिलं पोर नवव्या दिवशी गेलं. बाहेर श्रावणातलं वादळ, नवरा जहाजावर. तान्ह्या पोराला आपल्यात जाळत नाहीत, पुरतात. सासऱ्यांनी गडग्याच्या कडेला हातभर खड्डा काढला, वर चिरा ठेवला आणि कोणाला सांगितलं नाही.

"येवडं लिव गो बाय. माजा पोर हाय तितं."

"नाव काय लिहू, आजी?"

"बारसं नाय झालं त्येचं. नाव कुठनं आणू?"

अक्षया साहेबांकडे तीनदा गेली. पुरावा आणा, म्हणाले. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी पुरलेल्या तान्ह्या पोराचा पुरावा! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मंगळवार शेवटचा दिवस.

सासऱ्यांनी चिऱ्यावर निदान एखादी खूण कोरली असेल, या आशेवर ती पुन्हा तिथे गेली. झिजलेली अक्षरं वाचायची तिची एक पद्धत होती. दगडावर तांदळाची पिठी पसरायची आणि हलक्या हाताने पुसायची. पिठी खाचांत राहते, अक्षर उठून दिसतं.

वारा पिठी उडवत होता. तिने वर घमेलं पालथं घातलं, घमेल्यावर एक दगड ठेवला आणि शेजारच्या चाफ्याखाली डबा खायला बसली. वारा पडला की बघू.

तुमच्या लक्षात आलं असेल. तिच्या आलं नाही.

माणूस गेला की त्या जागी पीठ पसरून वर टोपली झाकतात आणि मग कसलं पाऊल उमटलं ते बघतात. गेलेला कुठल्या जन्माला गेला ते कळावं म्हणून. खेडला आजोबा गेले तेव्हा तिने स्वतः ते पाहिलं होतं. पण वैतागलेल्या माणसाला कसलं काय आठवतंय!

आधी वारा थांबला.

मग कावळे गप्प झाले.

मग समुद्राची गाज... तीही ऐकू येईना.

आणि घमेल्यातून आवाज आला. आतून. जड काहीतरी टेकवल्यासारखा... एकदाच.

उंदीर असणार, म्हणून ती चिडूनच उठली. दगड बाजूला केला, घमेलं उचललं.

पिठीत पाऊल उमटलं होतं.

तान्ह्या पोराचं नाही... चांगल्या थोराड पुरुषाचं. टाचेच्या भेगासुद्धा मोजता याव्यात इतकं स्वच्छ.

पहिल्यांदा तिला रागच आला. हा कंत्राटदाराच्या माणसाचा, त्या सर्वेशचा चावटपणा! पण सर्वेश पार फाटकाजवळ जेसीबीवाल्याबरोबर वडापाव खात होता. पायात बूट. आणि घमेल्यापासून चार हातांवर तर ती स्वतः बसली होती.

तिने फोटो काढले. सहा.

सहाही फोटोंत... नुसती सपाट पिठी.

फोन गडग्यावर आपटावा असं तिला वाटलं. पुरावा डोळ्यांसमोर होता आणि दाखवता येत नव्हता.

तेवढ्यात सोनूबाई आली.

"आजी, हे तुमच्या पोराचं नाही हो," अक्षया रडकुंडीला येऊन म्हणाली. "मोठ्या माणसाचं आहे."

सोनूबाई खाली बसली. पिठीला न शिवता वीत धरून तिने ते पाऊल मापलं.

"अठ्ठेचाळीस वर्सां झाली गो," ती शांतपणे म्हणाली. "तेवडाच ऱ्हाईल व्हय?"



म्हातारी वाकली. बारशाला आत्या बाळाच्या कानाशी लागते तशी ती चिऱ्याशी लागली आणि एक नाव पुटपुटली. मग तिने त्याच नावाने मोठ्याने हाक मारली.

आणि चिऱ्याखालून...

ओ आली.

पुरुषाची. घोगरी. झोपमोड झाल्यासारखी.

अक्षयाने त्याच संध्याकाळी ते नाव यादीत घातलं. साहेबांनी लाल पेनने काट मारली. बुधवारी ती जेसीबीसमोर उभी राहिली, तर तिला हाताला धरून बाजूला केलं.

चिरा उचलला. खाली हातभर खड्डा असायला हवा होता.

खाली माणूस आडवा मावेल एवढी पोकळी होती. रिकामी.

सर्वेशने माती लोटली. गडग्यापलीकडून सोनूबाई बघत होती. "उठला," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

आता तिथे फरसबंदी आहे. फलकही लागलाय. दोनशे वर्षांचा इतिहास आहे त्याच्यावर, फक्त ते एक नाव नाही.

मी अक्षयाला ते दहादा विचारलं. ती सांगत नाही. शेवटी माझ्यावर खेकसलीच.

"तेव्हा त्याच्यावर दगड तरी होता. आता नाहीये. तू घरात बसून सहज ते नाव घेशील... आणि ओ आतल्या खोलीतून आली तर?"