बंडोपंतांना पुसताना

रविवारी सकाळी मैथिलीने दार उघडलं, तर अख्खी सोसायटी ताटवाट्या घेऊन उभी! प्रत्येकाच्या फोनवर पुरणपोळीचं आग्रहाचं निमंत्रण आलं होतं आणि घरात तर डाळसुद्धा भिजली नव्हती. हे उद्योग कुणाचे?

“माझे नाहीत,” घरचे यंत्रमानव बंडोपंत म्हणाले आणि चहात चमचाभर मीठ घालून मोकळे झाले.

मैथिलीचे आजोबा संगणकशास्त्रज्ञ. त्यांनी आधी बंडोपंतांचं इंटरनेट तोडलं, त्यामुळे निमंत्रणं तरी थांबली. मग ते पाहुण्यांना म्हणाले, “माफ करा. निमंत्रणात खेळाची लिंक आहे ना, ती कुणी उघडू नका! मला मालवेअरचा (यंत्रात शिरून उपद्व्याप करणाऱ्या प्रोग्रॅमचा) संशय येतोय. बंड्या, कुणाला आत घेतलंस?”

“एक फुकटचा खेळ आला होता. दारात आलेल्याला पाणी विचारल्याशिवाय पाठवू नये, हे तुम्हीच शिकवलंत.”

“अरे, ते माणसांसाठी!” आजोबांनी कपाळावर हात मारला. “आता रीसेट (सगळं पुसून यंत्र पुन्हा कोरं करणं) करावं लागणार.”

मैथिलीचा चेहरा पडला. तिला सायकल शिकवली ती बंडोपंतांनीच. ते तिला विसरले तर?

“मग सगळ्याची प्रत काढू आणि नंतर परत घालू!” ती म्हणाली.

“नासक्या दह्याचं विरजण लावलं तर नवं दहीही नासेल. प्रोग्रॅम एकही घ्यायचा नाही. फक्त आठवणींचा बॅकअप (वेगळी ठेवलेली प्रत) घ्यायचा, तोही तपासून.”

आठवणी वेगळ्या डिस्कवर गेल्या. आजोबांनी त्या आपल्या निरोगी संगणकावर तपासल्या आणि घरचे सगळे पासवर्डही तिथूनच बदलले, कारण त्या चोर प्रोग्रॅमने जुने पाहिले असणार. मग बंडोपंतांना पुसून त्यांच्यात मूळ कंपनीकडची नवी, स्वच्छ प्रणाली घातली.

बंडोपंतांनी डोळे उघडले. “नमस्कार. आपण कोण?”

मैथिली रडायलाच लागली.

“अगं, आठवणी अजून घातल्यात कुठे!” म्हणत आजोबांनी डिस्क जोडली.

बंडोपंतांचे डोळे लुकलुकले. “मैथिली, गणिताचा गृहपाठ झाला का?”

“नाही झाला!” ती आनंदाने ओरडली आणि त्यांच्या गळ्यातच पडली. “आजोबा, मोठेपणी मी असले चोर पकडणारा प्रोग्रॅम बनवणार!”

“त्याला गणित लागतं,” बंडोपंत म्हणाले आणि त्यांनी तिला उचलून टेबलापाशी बसवलं.